शंभरातला एक

स्टेनलेस स्टीलचा पाइप किती काळ टिकेल हे सांगणे हा अनुयाचा व्यवसाय होता, आणि या व्यवसायाला मराठीत सुटसुटीत नाव नसल्याची शिक्षा ती बरीच वर्षे भोगत होती. पनवेलमध्ये तिची ओळख करून देताना लोक "ही पाइपांचं भविष्य सांगते" असे म्हणत. एका लग्नात एका गृहस्थांनी आपल्या गच्चीवरचा पाइप कोणत्या महिन्यात बसवला ते सांगून त्याला पुढचे वर्ष कसे जाईल, असे गंभीरपणे विचारले होते. आपण भविष्य नव्हे, संभाव्यता सांगतो, असे तिने त्यांना समजावले. "म्हणजे तेच," गृहस्थ म्हणाले, "फक्त खात्री नाही." या व्याख्येत तिला अजूनही चूक सापडलेली नव्हती, आणि तेच तिचे खरे दुखणे होते.

स्टेनलेस स्टील गंजत नाही असा लोकांचा समज आहे आणि तो बराचसा खरा आहे. मात्र ताण, उष्णता आणि मीठ या तिघांनी त्याला एकाच वेळी गाठले, तर ते गंजण्याची तसदीही घेत नाही, सरळ तडकते. वरून चकचकीत, आत केसाएवढ्या भेगांचे जाळे. तिघांतला एक जरी गैरहजर राहिला तरी काही होत नाही. हे तिघे कोणत्या जोडावर केव्हा एकत्र येतील याचे गणित मांडण्यात अनुयाने आपले तारुण्य सत्कारणी लावले होते. गणित देखणे होते. त्याला एकच उणीव होती. त्याने वर्तवलेली भेग तिने प्रत्यक्षात कधी पाहिली नव्हती, कारण ती ज्या जोडाकडे बोट दाखवी तो जोड मालक ताबडतोब बदलून टाकत. ज्याची प्रत्येक सूचना पाळली जाते अशा माणसाला आपण बरोबर होतो की नाही हे कधीच कळत नाही.

फेब्रुवारीत मुबारकने तिला बोलावले. शाळेत तो तिच्या मागच्या बाकावर बसे. पुढे आखातातल्या, समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या एका कारखान्यात त्याने अकरा वर्षे काढली आणि परत येऊन पनवेलहून कर्नाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आंब्याच्या रसाचा कारखाना टाकला. कारखाना कागदोपत्री त्याचा होता. प्रत्यक्षात तो त्याच्या आईचा, हव्वाबींचा होता. त्या दाराशी लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसत, आणि आत जाणारा प्रत्येक आंबा व बाहेर पडणारा प्रत्येक माणूस त्यांच्या डोळ्यांखालून जाई. सगळे त्यांना चाची म्हणत. कधी कधी चुकून मुबारकही म्हणे.

कारखान्याचा प्राण म्हणजे गरम पाण्याची एक लाइन. उकळीच्या जरासे खाली असलेले पाणी बॉयलरकडून निघून रस तापवणाऱ्या यंत्रापर्यंत जाई आणि कोमट होऊन परत येई. जाऊन-येऊन वाटेत वेल्डिंगचे बावीस जोड होते. अनुयाने बावीसही तपासले, प्रत्येकावर पिवळ्या रंगाने क्रमांक घातला आणि चौदाव्यापाशी थांबली.

"हा बसवताना ओढून आणलाय का?" तिने फोरमनला विचारले.

फोरमन विठू जवळच्याच गावचा, पन्नाशीचा, आणि स्वतःच्या वेल्डिंगविषयी हळवा. "ओढला नाय, मॅडम. दोन तोंडा जुळत नव्हती, मंग चेनपुलीनं जरा समजावली."

"म्हणजे ओढला."

"लग्ना पन अशीच जुळवतात."

चौदावा बदलला गेला आणि त्याच्याबरोबर, नेहमीप्रमाणे, अनुयाचा पुरावाही भंगारात गेला. उरलेल्यांपैकी एखादा जोड या हंगामात गळण्याची शक्यता तिने शंभरात एकाहून कमी काढली. तरीही खबरदारी म्हणून प्रत्येक जोडावरच्या पत्र्याला तिने तळहाताएवढी झडप करवून घेतली. झडप उघडायची, आतली, उष्णता धरून ठेवणारी काचलोकर बाजूला सारायची, जोड पाहायचा, पुन्हा झाकायचे. रोज पाहायचे आणि पाणी दिसले तर कळवायचे. ही झडपांची कल्पना तिला स्वतःलाच फार आवडली होती.

मार्चअखेर हंगाम सुरू झाला त्या दिवशी पेढे वाटले गेले. मुबारकने कौतुकाने सर्वांना सांगितले, "आमच्या अनूनं सगळी लाइन तपासलीय. अनू, दोन शब्द बोल."

"या हंगामात ही लाइन गळण्याची शक्यता," अनुया स्पष्ट आवाजात म्हणाली, "शंभरात एकाहूनही कमी आहे."

तिच्या मते हे वाक्य मंगल होते. पेढा तोंडाकडे नेणारे हात मात्र वाटेतच थांबले.

"गळण्याची," हव्वाबी हळूच म्हणाल्या.

"कमी आहे, चाची."

"पन हाय."

"ती तर प्रत्येक गोष्टीची असते."

"असते गं बेटा. बोलत नाय कुनी."

"शुभ बोल नाऱ्या," विठू छताकडे पाहत म्हणाला, "तर..."

"तर मांडवाला आग लागली," प्रयोगशाळेच्या शशिकलाबाईंनी म्हण पुरी केली. त्या बी.एस्सी. होत्या, म्हणून कुजबुजत.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, हंगाम ऐन भरात असताना, नऊ नंबरचा जोड गळला.

"तुझा एक आला," मुबारकने फोनवर सांगितले.

"कोणता एक?"

"शंभरातला."

अनुया पोहोचली तेव्हा लाइन बंद होती, आणि कारखान्यात आंब्याचा वास इतका दाटला होता की श्वास घेणे आणि जेवणे यांत फरक उरला नव्हता. शेडमध्ये पिकलेला हापूस छाताडापर्यंत रचलेला. त्या गोड वाफेत सकाळपासून उभी असलेली माणसे किंचित चढल्यासारखी दिसत होती. विनाकारण हसत होती, विनाकारण गप्प होत होती.

"ऐक," मुबारक म्हणाला. त्याने ही गोष्ट मनात अनेकदा घोकलेली असावी. "हा माल आज रात्रीपर्यंत यंत्रात गेला नाही तर उद्या खतात जाईल. शिवाय देवगडहून आणखी गाड्या निघाल्यात. माझ्याकडे फक्त चार जोडांपुरता पाइप पडलाय. सगळे बावीस उघडून, घासून तपासायचे तर दोन दिवस जातील, आणि आंब्याला थांब म्हणून बघ. कोणते बदलायचे ते तू सांग. तू हो म्हणालीस तर संध्याकाळी लाइन चालू करतो."

"आणि मी चुकले तर?"

त्याने पाइपाखालच्या लांब टेबलाकडे पाहिले. तिथे डबे भरणाऱ्या बायका रोज उभ्या राहत. "तर उकळतं पाणी त्यांच्यावर पडेल. म्हणून तर तुला विचारतोय. नाहीतर विठूलाच विचारलं नसतं का?"

"मला इचारलं असतं तं मी कवाच चालू केली असती," विठू म्हणाला.

धोक्याच्या क्रमाने तिने लावलेल्या जोडांत नऊ शेवटून तिसरा होता. ज्या गणिताने नवव्याला निर्दोष म्हटले त्यावर विसंबून उरलेल्यांना निर्दोष म्हणणे हा निव्वळ निर्लज्जपणा होता, आणि ती तो करणार नव्हती. तिने कापून काढलेला तुकडा मागून घेतला, त्यावर भिंग धरले आणि वाकली.

ती बराच वेळ वाकलेलीच राहिली. भेग बाहेरून आत गेली होती आणि जाताना तिला फांद्या फुटल्या होत्या, फांद्यांना डहाळ्या. पानझडीतल्या सावरीसारखे एक संपूर्ण झाड त्या तीन मिलिमीटर जाडीत उभे होते. हे झाड तिने असंख्य छायाचित्रांत पाहिले होते. प्रत्यक्षात पहिल्यांदाच पाहत होती.

"हसतेस काय?" मुबारकने विचारले. "माझा पाइप फुटलाय."

"हसत नाहीये. माझं तोंडच तसं झालंय." तिने भिंग खाली ठेवले. "ही भेग मिठाची आहे, मुबारक. बाहेरून लागलेल्या मिठाची. खारा वारा एवढं काम दहा वर्षांतही करणार नाही. इथे कुठून आलं मीठ?"

मुबारकने घड्याळाकडे पाहिले. विठूने आपल्या बुटांच्या टोकांकडे पाहिले. तेव्हा ती स्वतः शिडीवर चढली, नवव्या जोडाशेजारची काचलोकर चिमट्याने ओढली आणि तिच्या हाती कापडाची एक करपलेली पुरचुंडी आली. त्यातून पांढरी खरपुडी पडली आणि पाठोपाठ एक काळी पडलेली लाल मिरची.

"हे काय आहे?"

"मिरची," विठू म्हणाला.

"पाइपाला?"

"पाइपाची नाय. चाचींची."

"रोज झडप उघडून बघत होता ना तुम्ही?"

"रोज. तुमी बोललात पानी दिसलं तं सांगा. पानी नव्हतं. पुडी होती. चाचींच्या पुडीला हात कसा लावनार?"

सगळे दाराकडे पाहू लागले. हव्वाबी खुर्चीतून उठल्या नाहीत. गुन्हेगाराचा कोणताही भाव त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. उलट कोणी तरी एकदाचे विचारले याचे समाधान होते.

"नजर उतरवली," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी. पेढे खाऊन तू गेलीस, मी मीठ-मिरची आनली. सात वेळा उतरवली. जबान तुझी काळी नाय पोरी, पन तिला लगाम नाय."

"पण चाची, उतरवलेलं मीठ चुलीत टाकायचं असतं." हे वाक्य आपण उच्चारले याचे अनुयालाच आश्चर्य वाटले, पण नियम म्हणजे नियम, मग तो कोणत्याही शास्त्राचा असो.

"चूल कुठाय इथं? बॉयलर डिझेलवरचा, त्याला तोंड नाय. मग जे सगळ्यात गरम, ती चूल. पाइप गरम. आणि तूच तर दारं करून दिलीस त्याला."

अनुया शिडीच्या मधल्या पायरीवर बसली. झडपा तिने करवल्या होत्या. झडपेतून मीठ आत गेले होते. आणि मीठ न्यायला लावणारी भीती, तीही तिच्याच वाक्यातून निघाली होती. ताण विठूच्या वेल्डिंगचा, उष्णता बॉयलरची आणि मीठ भाकिताचे. तिच्या गणितात सतरा घटक होते आणि त्यांतला एकही असा नव्हता की भाकीत ऐकणारी माणसे पुढे काय करतील याचा विचार करील.

मग तिच्या मनात आणखी एक शंका आली. कारखान्यात चाची एकट्या नव्हत्या.

"आणखी कोणी?" तिने विचारले.

सगळे वर पाइपाकडे पाहू लागले.

"मी हसणार नाही. रागावणार नाही. मला फक्त जागा आणि माप हवंय. कुठल्या जोडावर, किती. ते कळलं तर कुठे भेग पडली असेल ते सांगता येईल, आणि मग कदाचित आंबे वाचतील. नाही कळलं तर मला काहीच सांगता येणार नाही."

"एकोनीस," विठू म्हणाला. तो कानापर्यंत लाल झाला होता. "नारळ वाढवला. पानी वतलं वर. मंग पसाभर जाडं मीठ, उरनच्या मिठागराचं, मामानं धाडलेलं. तितं शिडी लागत नाय."

"नारळाच्या पाण्यातही मीठ असतं, विठूभाऊ."

"गोड होता."

"तरीही असतं."

"म्हंजे डबल काम झालं," विठू समाधानाने म्हणाला.

शशिकलाबाईंनी केस झाकणारी टोपी नीट केली. "बारा," त्या जमिनीकडे पाहत म्हणाल्या. "पंचवीस पूर्णांक चार ग्रॅम."

"वजन केलंत?"

"सवय असते ना. पण ते सैंधव होतं, मॅडम. उपासाला चालतं."

"मिठातल्या क्लोराइडला उपास नसतो, शशिकलाबाई."

इथे दाराजवळ कोणी तरी फिसकन हसले, आणि ते हसणे टेबलावरून टेबलावर उडत शेडपर्यंत गेले. अनुयाने शब्द दिला होता म्हणून तिने ओठ आतून चावले. शशिकलाबाईंनी प्रयोगशाळेचा तराजू आणला. त्यात हव्वाबींची मूठ मोजली, मग विठूचा पसा. हव्वाबी दोनदा मोजू देईनात, कारण मोजल्याने बरकत जाते. विठूने पसा भरताना नेहमीपेक्षा मोठा भरला, कारण बायका पाहत होत्या. अनुया टेबलावर लॅपटॉप उघडून एकेक आकडा गणितात घालू लागली. घटक अठरावा: मीठ, श्रद्धापूर्वक.

उत्तर आले तेव्हा ती ताठ बसली.

"नववा जोड," ती म्हणाली, "चाचींच्या मुठीने सहा ते दहा आठवड्यांत गळायला हवा. आठवा आठवडा चालू आहे."

"बघ," हव्वाबी कोणाला तरी म्हणाल्या.

"बारावा तडकलेला असणार, पण अजून आरपार नाही. एकोणिसावा मात्र स्वच्छ असणार. मीठ सगळ्यात जास्त, तरी स्वच्छ. कारण तिथे पाणी परतीचं आहे, कोमट. उष्णताच नाही."

"आणि बाकीचे?" मुबारकने विचारले. त्याने बराच वेळ काही विचारले नव्हते.

"बाकीच्यांवर मीठ नसेल तर बाकीचे माझ्या मूळ हिशोबाप्रमाणे. म्हणजे ठीक." ती उभी राहिली. "पण हे सगळं झाल्यावर लावलेलं गणित आहे. नववा फुटलाय हे मला आधीच माहीत होतं. त्याला कोणी भाकीत म्हणत नाही. भाकीत आता होईल."

तिने पिशवीतून दोन डबे काढले. लाल डब्यातला रंग जोडावर फवारायचा आणि थांबायचे. भेग असेल तर तो तिच्यात शिरतो. मग वरचा रंग पुसून पांढऱ्या डब्यातली भुकटी फवारायची. लपलेला रंग भेगेच्या आकारात वर उमलतो. भेग नसेल तर पांढरे पांढरेच राहते.

"बारा आणि एकोणीस," ती म्हणाली. "आणि ज्याला कोणी हात लावला नाही असा आणखी एक. मला जिथे हवं तिथेच पाहिलं तर मीसुद्धा ज्योतिषीच. चाची, तुम्ही सांगा. कुठलाही आकडा, बावीसच्या आतला."

"सहा."

"का सहा?"

"तूच म्हनालीस ना, कुठलाही."

बाराव्यावर पांढरी भुकटी बसली तेव्हा डबे भरणाऱ्या बायकाही शिडीभोवती जमल्या होत्या. दहावीच्या निकालाच्या दिवशी शाळेच्या फळ्यापुढे असते तशी शांतता होती. आधी एक लाल ठिपका आला. मग दुसरा. मग दोघांमधून एक बारीक रेघ हळूहळू चालत गेली, मध्येच थबकली, फुटली आणि दोन दिशांना निघाली.

"पडली," अनुया म्हणाली. "पडली, पडली." तिच्या तोंडून एक आवाज निघाला, तो चाळिशीकडे झुकलेल्या डॉक्टरेटधारक बाईला शोभणारा नव्हता. तिने शशिकलाबाईंचे दोन्ही हात धरले होते. शशिकलाबाई, ज्यांच्या सैंधवाने हा पाइप फोडला होता, त्याही आनंदाने हलत होत्या. कशाचा आनंद हे त्यांना ठाऊक नव्हते, पण बरोबर उत्तर आले की आनंद व्हायचा ही त्यांची शाळेपासूनची सवय.

"माझा दुसरा जोडही गेला," मुबारक म्हणाला, "आणि तुम्ही फुगडी घालताय."

एकोणिसावा त्याहून भारी ठरला. पांढरे फवारले, सगळे थांबले आणि काहीच झाले नाही. पसाभर मीठ आणि एक आख्खा नारळ, तरी दुधासारखा पांढरा. अनुयाचे डोळे पाणावले. तडकणार म्हणून सांगितलेले तडकणे सोपे आहे. सर्वांच्या अंदाजाविरुद्ध, केवळ कोमटपणाच्या बळावर, न तडकणे हे तिच्या लेखी संगीत होते.

"नारळाचा गुन," विठूने जाहीर केले. "चाचींनी नारळ नव्हता वाढवला. बाईंनी नव्हता वाढवला. मी वाढवला. हाय का एक तरी रेघ?"

"तिथे पाणी कोमट आहे, विठूभाऊ."

"नारळानंच थंड केला."

याचे खंडन करण्यासाठी आणखी एक नारळ, आणखी एक गरम जोड आणि दोन महिने लागले असते. अनुयाने शिडी सहाव्याकडे न्यायला लावली. आता तिचे पाय जमिनीला नीट टेकत नव्हते. लाल फवारले. थांबली. पुसले. पांढरे फवारले आणि मागे वळून मुबारकला सांगू लागली, की वेल्डिंगची तयारी करायला हरकत नाही, दोनच जोड बदलायचे आहेत, कारण...

"मॅडम," शशिकलाबाई म्हणाल्या.

सहाव्या जोडावर एक लाल रेघ उमलली होती. बाराव्यावरच्या रेघेहून लांब, आणि तिला फांद्याही अधिक.

हसणे कुठल्या कुठे गेले. अनुया त्या रेघेकडे पाहत राहिली. तिला जे दिसत होते त्याचा अर्थ सोपा होता. कोणी हात न लावलेला जोड तडकला असेल तर कोणताही तडकलेला असू शकतो. सगळे उघडून दोन दिवस तपासल्याशिवाय त्या टेबलापाशी कोणाला उभे करता येणार नव्हते. माल गेला. गणितही गेले, आणि या वेळी त्याला कोणाच्या मिरचीचा आधार नव्हता.

"मग काय?" हव्वाबींनी विचारले. "नाय चालू करायची?"

"नाही, चाची."

ती शिडीवरून उतरायला निघाली आणि सवयीने तिने काचलोकरीचा एक पुंजका जोडाजवळून उचलून बोटांत चोळला. तो करकरला. तिने बोट जिभेला लावले.

"इथे मीठ आहे," ती म्हणाली. "भरपूर."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. विठूने कानाला हात लावला. शशिकलाबाईंनी मान हलवली. हव्वाबी म्हणाल्या की नवव्यासाठी एकदा चढल्या तेव्हापासून त्यांच्या गुडघ्यांना शिडी चढवत नाही, आणि ते खरे होते. अनुयाची नजर सर्वांवरून फिरत भिंतीपाशी गेली. तिथे मुबारक अग्निशामक नळकांड्यावरची सूचना अत्यंत बारकाईने वाचत होता.

"मुबारक."

"याची तारीख बघायला हवी," तो नळकांड्याला म्हणाला.

"मुबारक, तू अकरा वर्षं समुद्राच्या पाण्याच्या पाइपांवर काम केलंस. मीठ पाइपाचं काय करतं हे या इमारतीत माझ्याखालोखाल तुला माहीत आहे."

"तिथे वेगळं होतं."

"काय वेगळं?"

"तिथे पाइप शेखचा होता." तो वळला. त्याच्या कपाळावर घाम होता. "कापडात नाही बांधलं. दिसलं असतं. काचलोकरीच्या आत सारलं."

"का पण?"

"तू म्हणालीस शंभरात एक." त्याने कपाळ पुसले. "नव्याण्णवांसाठी तुझा रिपोर्ट होता, अनू. तो मी फ्रेम करून लावलाय. पण एक उरला ना? त्या एकासाठी काय होतं माझ्याकडे?"

मग हव्वाबींच्या खुर्चीतून एक बारीक किणकिण ऐकू आली. त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. "मला म्हनायचा," त्यांना बोलवेना, "मला म्हनायचा, अम्मी, हे जुने लोकांचे खयाल..."

त्यानंतर कारखान्यात जे झाले त्याला शिस्तीचे कोणतेही नाव देता येत नाही. विठू शिडीला धरून बसला. डबे भरणाऱ्या बायका एकमेकींच्या खांद्यावर कोसळल्या. शशिकलाबाईंची टोपी पडली. मुबारकने आधी रुसून पाहिले, पण त्याचे ओठ त्याच्याविरुद्ध गेले. अनुयाला उचकी लागली. तिचे गणित चुकले नव्हते. त्याला फक्त एक कबुलीजबाब कमी पडला होता.

"किती घातलंस?" तिने उचक्यांच्या मधून विचारले.

"चिमूटभर."

"मुबारक."

"दोन मुठी."

दोन मुठींचे गणित तिने तिथेच, शिडीच्या पायरीवर लॅपटॉप ठेवून केले. तिथे ताण सर्वांत कमी, म्हणून भेग जाडीच्या साधारण निम्म्यापर्यंतच गेली असणार, असे ते म्हणाले. विठूने ग्राइंडर लावला आणि थोडे थोडे घासत, रंग फवारत, पुन्हा घासत गेला. निम्म्याच्या किंचित पुढे लाल रेघ दिसेनाशी झाली. अनुयाने आनंद चेहऱ्यावर येऊ दिला नाही. तो खांद्यांतून दिसला. मग तिने विठूकडून सर्व झडपा उघडवल्या आणि स्वतः प्रत्येक जोडाजवळची काचलोकर बोटांत चोळून जिभेला लावली. कबूल झालेल्या जागा सोडल्या तर मीठ कुठेही नव्हते, फक्त सतराव्याला एक वेलदोडा सापडला. त्याची जबाबदारी कोणी घेतली नाही, आणि वेलदोड्याने पोलाद तडकत नसल्याने तिने विचारलीही नाही. हव्वाबींनी आणखी तीन आकडे सांगितले. तिन्ही जोड पांढरेच राहिले.

"तीन स्वच्छ जोडांनी सगळे स्वच्छ आहेत असं सिद्ध होत नाही," अनुया म्हणाली.

"मग?" मुबारकने शेडकडे पाहिले.

"मग काही नाही. वेल्डिंग कर. मी हो म्हणतेय."

नऊ, बारा आणि सहा बदलले गेले. विठूने या वेळी तोंडे जुळवायला चेनपुली आणली नाही. निदान अनुया पाहत असताना तरी नाही. ऊन कलले तेव्हा त्याने झडपांवर पत्र्याच्या पट्ट्या ठोकल्या आणि रिबिट मारून सगळ्या कायमच्या बंद केल्या. हे अनुयानेच सांगितले होते. आता जोड कोणाला दिसणार नव्हते, आणि न दिसणाऱ्या जोडाची नजर काढायला माणसाला फारसे सुचत नाही, असा तिचा कयास होता. टेबल तिने पाइपाखालून ओढून समोरच्या भिंतीला लावायला सांगितले. ते इतकी वर्षे पाइपाखाली का होते हे कोणालाच आठवेना.

मुबारकने पंपाच्या बटणावर बोट ठेवले. सगळे जमले होते. आंब्याचा वास आता घमघमाटाच्या पलीकडे, मद्याच्या उंबरठ्यावर पोहोचला होता.

"अनू," तो म्हणाला, "आता किती?"

आकडा तिच्याजवळ तयार होता. झडपा बंद, तीन नवे जोड, हंगामाचे उरलेले दिवस, सगळे धरून तो पहिल्यापेक्षा लहान आणि अधिक विश्वासार्ह होता, आणि तिच्या आयुष्यातला तो पहिलाच आकडा होता ज्याच्या मागे डोळ्यांनी पाहिलेली भेग उभी होती. तिने तोंड उघडले. विठूचे डोळे तिच्या ओठांवर होते. शशिकलाबाईंचा एक हात नकळत एप्रनच्या खिशात गेला होता. हव्वाबी खुर्चीच्या दांड्याला धरून किंचित पुढे सरकल्या होत्या. एक ते बावीस सर्वांना पाठ होते, आणि रिबिट काढायला पक्कड पुरते.

आकडा उच्चारला की तो आकडा राहणार नाही, हे अनुयाला स्वच्छ दिसले. तो जेवढा मोठ्याने सांगितला जाईल तेवढा वाढेल. यात काळ्या जिभेचा काही संबंध नव्हता. हा घटक अठरावा होता, आणि त्याला शून्यावर ठेवण्याचा एकच शास्त्रशुद्ध मार्ग होता.

तिने तोंड मिटले.

"चालू कर," ती म्हणाली.

"पण किती?"

"मुबारक, बटण दाब."

"पोरीला अक्कल आली," हव्वाबी म्हणाल्या आणि मागे टेकल्या. सर्वांनी मान डोलावली. विठूने तर हात जोडले. हे लोक आपल्याविषयी काय समजत आहेत ते अनुयाला पुरते कळत होते, आणि तो गैरसमज दूर करायचा तर आकडा सांगावा लागला असता. म्हणून ती तशीच, हसू दाबत, समजूतदार बाईसारखी उभी राहिली.

पंप घुरघुरला. पाइप तापले, कुरकुरले, स्थिर झाले. काही वेळाने यंत्राच्या तोंडातून पिवळाजर्द रस पहिल्या डब्यात पडला, आणि त्याच्याकडे पाहता पाहता अनुया मनात हिशोब करू लागली, की न सांगितल्यामुळे तो आकडा आणखी नेमका किती खाली आला असावा.